नावासकट

कतरीनबाय. माझ्या मुलाला माणसाचं नाव मिळालं ते त्यांच्यामुळे, आणि त्याच्या आधी गेलेल्या माझ्या दोन लेकरांना नाव मिळालं तेही त्यांच्यामुळेच. हे आधी सांगून टाकते. मला घाबरायची सवय आहे. सांगता सांगता गोष्ट भलतीकडे गेली तर जिच्यासाठी लिहायला बसले तिचंच नाव मागे पडायचं.

मी जालन्याकडची. शाळा नदीपलीकडे होती आणि घरात धाकटी भावंडं होती, त्यामुळे सहावीतच माझं शिक्षण संपलं. लग्नानंतर नवऱ्याला विरारला लाकडाच्या वखारीत काम मिळालं आणि आम्ही दोघं इकडे आलो. वसई-विरार म्हटलं की गावाकडची माणसं म्हणायची, म्हणजे मुंबईच की. मुंबई कुठली. बोळिंजच्या अलीकडे तेव्हा नुसत्या वाड्या होत्या. केळी, पानवेली, विहिरीवर रहाट, आणि वाटेच्या प्रत्येक वळणावर चुना लावलेला एक क्रूस. संध्याकाळ झाली की घराघरातून एका सुरात प्रार्थना ऐकू यायची. मला त्यातलं काही कळायचं नाही, आणि कळत नाही म्हणून जास्तच लांब आल्यासारखं वाटायचं.

खोली शोधत आम्ही कतरीनबायच्या वाडीत गेलो तेव्हा त्या ओट्यावर केळफूल सोलत बसल्या होत्या. लाल चौकड्यांचं लुगडं, हात कोपरापर्यंत चिकाने काळे झालेले. मला खालपासून वरपर्यंत बघून त्यांनी विचारलं, "तू कोणाची?"

मी नवऱ्याकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, ते दिसलं, पण कोणाची? मी वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्या तशाच बघत राहिल्या. त्याआधीच्या दोन-तीन घरी हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारून झाला होता, आणि जात कळल्यावर खोली अचानक दुसऱ्या कोणाला तरी दिलेली निघाली होती. मी खाली मान घालून उभी राहिले.

"देवाची गो," त्याच म्हणाल्या. "एवढी मोठी झालीस, येवढं पण माहीत नाय? ये आत. चहा घे."

गोठ्याच्या बाजूची खोली आम्हाला मिळाली. जात त्यांनी पुढे कधीच विचारली नाही. मीच एकदा न राहवून सांगितली, तेव्हा म्हणाल्या, बरं, आणि मीठ जरा कमी टाक आमटीत.

कतरीनबाय गावच्या सुईण. आसपासच्या वाड्यांतली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली. कोणी मेलं की अंगाला शेवटची आंघोळ घालायलाही त्यांनाच बोलवायचे. दोन्ही कामांना त्या एकाच चालीने जायच्या, घाई नाही की रडारड नाही. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी प्रार्थना, झाली की चर्चमागच्या चिंचेखाली त्या लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायच्या. मी वाडीतली भाजी घेऊन त्या बाजूला जायची तेव्हा कानावर पडायचं. दर रविवारी तेच तीन प्रश्न. तुला घडवलं कोणी? कशासाठी? आणि शेवटी जायचं कुठे? मुलं सुरात म्हणायची, देवाने घडवलं, त्याला ओळखायला, त्याच्यावर प्रेम करायला, त्याची सेवा करायला, आणि शेवटी कायमचं त्याच्याजवळ राहायला. एकदा एका पोराने विचारलं, मग सुट्टी कधी? कतरीनबाय इतक्या हसल्या की त्या दिवशीचा वर्ग तिथेच सुटला.

हे प्रश्न त्या फक्त पोरांना विचारत नसत. बसची वाट बघणाऱ्या कारकुनाला विचारायच्या, भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याला विचारायच्या. नव्या डॉक्टरलाही विचारले म्हणतात. तो म्हणाला, मावशी, मला जायचं आहे ते चिंचोटीला, पेशंट वाट बघतोय. त्या म्हणाल्या, तिथे पण जा, पण ते शेवटचं नव्हे.

त्यांचा राग एका गोष्टीवर होता, आणि ती गोष्ट आपल्या सगळ्यांच्या तोंडात असते. दारात कोणी आलं आणि आतून कोणी विचारलं, कोण आहे गो, तर आपण म्हणतो, कोणी नाही, गवळी आलाय. कतरीनबायच्या घरात हे चालत नसे. त्यांची सून एकदा असंच म्हणाली, कोणी नाही, मासळीवाली आहे. कतरीनबाय आतून उठून बाहेर आल्या, मासळीवालीला पाटावर बसवलं, पाणी दिलं, तिच्या मुलाबाळांची चौकशी केली. मासे घेतलेच नाहीत. मासळीवाली चिडून म्हणाली, बाय, मान नंतर द्या, आधी बोंबील घ्या, ऊन चढतंय. मग घेतले. पण सुनेला त्या आठवडाभर विचारायच्या, काय गो, आज किती 'कोणी नाही' येऊन गेले?

गावात बस्त्याव म्हणून एक दारुडा होता. दुपारीच कुठल्यातरी कुंपणाला टेकून पडलेला असायचा. पोरं त्याला पिंप म्हणायची, मोठी माणसं काहीच म्हणायची नाहीत, वळसा घालून जायची. कतरीनबाय त्याच्यासमोर उभ्या राहून त्याला बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेल्या पूर्ण नावाने हाक मारायच्या. "सेबास्त्याव आंतोन, उठ." आणि तो उठायचा. अडखळत का होईना, घरी जायचा. मी त्यांना विचारलं, तुमचंच कसं ऐकतो? त्या म्हणाल्या, माझं नाय ऐकत, नाव ऐकतो. देव माणसाला नावाने ओळखतो. आपण दारूने ओळखलं तर त्याने तरी परत यायचं कुठे?

बस्त्याव गेला तेव्हा चर्चची घंटा वाजवणाऱ्या माणसाने दोन-चार ठोके देऊन दोरी सोडली. मोठ्या वाडीवाल्यांच्या मरणाला ती कितीतरी वेळ वाजायची. कतरीनबाय तेव्हा त्याला आंघोळ घालत होत्या. ओल्या हातांनी तशाच चर्चकडे गेल्या आणि स्वतः दोरी ओढायला लागल्या. घंटावाला म्हणाला, पुरे बाय, बस्त्यावच तर होता. त्या ओढतच राहिल्या. फादर बाहेर आले, त्यांनी बघितलं, आणि परत आत गेले. सगळ्या वाड्यांतून माणसं निघाली, कोण मोठा माणूस गेला म्हणून बघायला. अशा रीतीने बस्त्यावच्या मातीला खूप माणसं आली.

आता माझं सांगते.

इकडे येण्याआधी माझी दोन लेकरं गेली होती. एक जन्मतःच, एक बाराव्या दिवसाच्या आतच. गावाकडे माझ्याकडे बघून बायका पदर आवळायच्या. इकडे मला पुन्हा दिवस राहिले तेव्हा सासूबाईंचा निरोप आला की यावेळी मुलाचं नाव दगडू ठेवायचं, मुलगी झाली तर धोंडी. आमच्याकडे ही रीत आहे. ज्या घरात पोरं टिकत नाहीत तिथे मुलाला असं नाव देतात की मरणाने ऐकलं तरी त्याला वाटावं, हा दगड आहे, उचलण्यासारखं काही नाही. मला त्यात काही वाईट दिसत नव्हतं. उलट धीर वाटत होता. मी कौतुकाने कतरीनबायला सांगितलं.

विळीवर चालणारा त्यांचा हात थांबला.

"देवाने माणूस मातीचा केला," त्या म्हणाल्या. "मग त्यात स्वतःचा श्वास फुंकला, आपल्यासारखा केला. दगडात कोणी फुंकर घालत नाय गो."

मला एरवी त्यांना उलटून बोलायची हिंमत नव्हती. पण त्या दिवशी मी म्हणाले, "तुमच्या देवाला आमच्याकडचं मरण ठाऊक न्हाई, बाय. ते नाव ऐकूनच येतं. आन् मी कामून ऐकू तुमचं? दोन पोरं गमावलेली बाई काय उपयोगाची?"

"तू काय वस्तू आहेस उपयोगाची? विळी उपयोगाची असते." त्यांनी विळी बाजूला सारली. मग विचारलं, "त्या दोघांची नावं काय?"

मी म्हणाले, नावं कुठली, बारसं व्हायच्या आधीच गेली. मोठा मुलगा होता, धाकटी मुलगी. एवढंच.

तेव्हा त्यांनी मला मारीचं सांगितलं. मारी त्यांची पहिली मुलगी. अर्धा दिवस जगली. फादर बाहेरगावी होते. त्यांच्या धर्मात मूल जगत नाही असं दिसलं आणि फादर जवळ नसले, तर घरातलं माणूसही डोक्यावर पाणी ओतून बाप्तिस्मा देऊ शकतं. ओली बाळंतीण असलेल्या कतरीनबायनी स्वतःच्या हाताने मारीला पाणी लावलं आणि नाव दिलं. तेव्हापासून सुईणपणाला जाताना त्या गरम पाण्याच्या घंगाळाखेरीज स्वच्छ पाण्याची एक वाटी वेगळी ठेवायच्या. त्या सांगत होत्या ते रडत नाही, तर लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीबद्दल सांगावं तसं. मारी आता चाळिशीची झाली असती म्हणाल्या. मग स्वतःलाच दुरुस्त केलं, झाली असेल की, तिथे वय कसं मोजतात देव जाणे.

मी विचारलं, पण माझ्या पोरांना कुठे पाणी लागलं? ती कुठे गेली असतील मग?

मला वाटलं, आता काहीतरी गोड सांगतील. तसं केलं नाही. म्हणाल्या, मला ठाऊक नाय, विचारून येते. आणि खरंच चर्चमध्ये जाऊन फादरांना विचारून आल्या. आल्या त्या ऐटीत. फादर म्हणाले होते की पाणी आपल्यासाठी आहे, देव काही त्याच्यावर अडून बसलेला नाही. ज्याने घडवलं तो आपलं मूल ओळखतो. "तो ओळखतो," कतरीनबाय म्हणाल्या, "पण तू हाक कशी मारणार? नावं ठेव."

आम्ही दोघी ओट्यावर बसलो होतो. सकाळची वेळ, पास्कूबाबा, म्हणजे त्यांचे यजमान, रहाटावर पाणी काढत होते. मी आधी मुलाचं नाव सांगितलं, मग मुलीचं. ती नावं मी इथे लिहीत नाही. ती त्या दोघांची आहेत. मला वाटलं होतं मी कोसळेन. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला दोन मुलं आहेत असं वाटलं. आधी मला दोन मरणं होती. नोव्हेंबरात त्या लोकांचा मेलेल्यांच्या आठवणीचा दिवस असतो, सगळी दफनभूमी मेणबत्त्यांनी भरते. त्या वर्षी मारीच्या थडग्याजवळ दोन मेणबत्त्या जास्त होत्या. मी कुंपणाबाहेर उभी होते. त्यांनी हाताला धरून आत नेलं.

तरीही दगडूचं माझं ठरलेलंच होतं. भीती अशी एका मेणबत्तीने जात नाही.

सासूबाई बाळंतपणाला आल्या. दवाखान्यात माझं नाव घातलं होतं, पण दिवस भरायच्या आधीच एका सकाळी कळा सुरू झाल्या आणि गाडी आणायला गेलेला नवरा परतायच्या आत मूल बाहेर आलं. मुलगा. निळा-काळा, निपचित. रडला नाही.

कतरीनबायनी त्याच्या तोंडातला चिकटा बोटाने काढला, उलटं धरलं, पाठ चोळली. काही नाही. मी बघत होते. त्यांचा उजवा हात आपोआप त्या वाटीकडे गेला. इतक्या वर्षांची सवय. बोटं पाण्याला लागायच्या आधी हात थांबला. त्या माझ्याकडे वळल्या.

"हे तुझं मूल. तुला विचारल्याशिवाय मी पाणी नाय लावणार. नाव तेवढं सांग. लवकर."

दारातून सासूबाई ओरडल्या, "दगडू म्हन! दगडू! ऐकतंय ते!"

मला दोघींचेही चेहरे आठवतात. सासूबाईंचा घाबरलेला, कारण त्यांनीही ती दोन पोरं हातात घेतली होती. आणि कतरीनबायचा, ज्याच्यात भीती नव्हती, फक्त घाई होती. हे पोर गेलं तर मी काय हाक मारू, एवढंच माझ्या डोक्यात आलं. दगडाला कोण हाक मारतं?

"जयवंत," मी म्हणाले.

हे नाव मी कधी ठरवलं नव्हतं. कतरीनबायनी वाटी पायाने बाजूला सारली, पोराला उताणं केलं आणि छाती चोळत त्याच्याशी बोलायला लागल्या, कुंपणापलीकडच्या माणसाशी बोलावं तशा. जयवंत, अरे जयवंत, ऐकतोस काय, तुझी आय इथे बसलीय, इकडे ये. मग तोंडाला तोंड लावून हळू फुंकर घातली. पुन्हा बोलल्या. पुन्हा फुंकर. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग मांजर ओरडल्यासारखा आवाज आला, आणि मग खरं रडणं.

पुढे कितीतरी दिवस मी सगळ्यांना सांगत होते की नावाने पोर वाचलं. कतरीनबायच्या कानावर गेलं तेव्हा त्या रागावल्या. "नावाने नाय वाचला, पाठ चोळल्याने वाचला. माझ्या हातावर नावाची पोरं पण गेलीत. पण गेला असता तर नावासकट गेला असता. एवढाच फरक. आणि तो लहान नाय."

सासूबाई मात्र मागे हटल्या नाहीत. त्यांच्या मते मरण अजून आसपासच होतं. त्या पोराला दगडूच म्हणायच्या, तेही वरच्या पट्टीत, मरणाला ऐकू जावं म्हणून. मग ओट्यावरून कतरीनबाय तेवढ्याच मोठ्याने म्हणायच्या, जयवंत! पोर दोन्हीकडे बघून हसायचं. दोघी म्हाताऱ्या तांदूळ निवडायला एकत्र बसायच्या आणि वाद घालायच्या. सासूबाई म्हणायच्या, तुमचा देव लई धीट आहे, त्याला काय जातं नावं सांगायला. कतरीनबाय म्हणायच्या, जातं गो, त्याचं पण पोर गेलंय, क्रूसावर, विचार त्याला. सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, माय वं, हे मला कोणी सांगितलं न्हवतं. गावी परत जाताना स्टँडवर त्यांनी पोराचा मुका घेतला आणि कानात काहीतरी म्हणाल्या. काय म्हणाल्या ते मला कळलं नाही, पण ओठ दगडूपेक्षा मोठ्या नावाचे हलले.

मला धर्म बदलायला कतरीनबायनी कधी सांगितलं नाही. एकदा मीच विचारलं, तुम्हाला वाटत नाही का मी तुमच्यात यावं? वाटतं की, त्या म्हणाल्या, रोज वाटतं, पण मी काय केळ्याचा घड आहे विकायला? ते तुझं आणि त्याचं. मी देवी-देवतांना हात जोडत राहिले, आजही जोडते. पण मी कोण, या प्रश्नाचं जे उत्तर त्यांनी पहिल्या दिवशी दिलं, त्याहून चांगलं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

पुढे वखार बंद झाली, नवरा वसईच्या पूर्वेला कारखान्यात लागला, आम्ही तिकडे राहायला गेलो. विहिरींचं पाणी मचूळ होत चाललं होतं, वाड्या विकल्या जात होत्या, बोळिंजकडे इमारती उठायला लागल्या होत्या. कतरीनबाय आजारी असल्याचं कळलं तेव्हा जयवंत सातवीत होता, म्हणजे मी शाळा सोडली त्याच्या पुढच्या वर्गात. त्याला घेऊन गेले.

फादर येऊन त्यांना शेवटचं तेल, त्यांच्यात मरणाआधी लावतात ते, लावून गेले होते. मला वाटलं, खोलीत कुजबुज असेल. कतरीनबाय उशांना टेकून बसल्या होत्या आणि सुनेला सांगत होत्या की मातीच्या दिवशी जेवणात वाटाणे कच्चे ठेवू नको, मागे कोणाच्या तरी मातीला ठेवले होते, लोक अजून बोलतात. सून डोळे पुसत हसत होती. मला बघून त्यांनी जवळ बसवलं. जयवंतला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, पाय केवढे झाले रे तुझे.

मला धीर होईना. तरी म्हणाले, बाय, भीती वाटते का? त्या म्हणाल्या, लग्नाच्या आदल्या दिवशी वाटली होती तेवढी. घर चांगलं आहे हे ठाऊक असतं, तरी वाटतेच. मग माझ्या कानाजवळ येऊन म्हणाल्या, पण लगेच आत घेतील असं समजू नको. माझी जीभ तिखट होती जन्मभर. थोडा वेळ बाहेर धुऊन-पुसून उभं करतील. तेव्हा तू माझ्यासाठी प्रार्थना कर.

मी म्हणाले, मला तुमच्या प्रार्थना येत नाहीत.

"तुझ्या भाषेत कर. त्याला जालन्याची कळते."

मग मी म्हणाले की बाय, तुमचे उपकार मी कशाने फेडू. त्यांना खोकला आला, पाणी पाजलं. खोकला थांबल्यावर त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, आता कशाला, इथे मला काय करायचंय घेऊन? तिथे भेटू तेव्हा बघू. आणि माझा हात सोडून सुनेकडे वळल्या. तांदूळ किती भिजवायचे ते सांगायचं राहिलं होतं.

मी दारातून मागे वळून बघितलं. त्या उशीवरून पुढे वाकून, बोट नाचवत, तांदळाचं माप समजावत होत्या. तीच शेवटची भेट.

मी रोज माझ्या भाषेत त्यांच्यासाठी चार शब्द बोलते. त्यांना आत घेऊन खूप दिवस झाले असणार, तरी बोलते. बाकीचं समोरासमोर द्यायचं आहे. मी घाबरट बाई, पण एवढ्या एका बाबतीत मला भीती नाही. कतरीनबाय, मी येईन, आणि फेडीन.